डोमाकाकांची घट्ट काजं

आमच्या गावात दोन पोरांची जुंपली, की डोमाकाका शिंपी मशीन सोडून धावत येतात आणि दोघांच्या मध्ये उभे राहून म्हणतात, "पहले बटन खोला."

भांडण सोडवायला आपण येत नाही, असं ते स्पष्टच सांगतात. "मारा ना बापा, मी कायले अडवू? पर आंगी म्या शिवली हाये. ते फाटली नाही पायजे. आंगी माह्या हातात द्या, मंग फोडा एकमेकाचे टाळके."

आता डोमाकाकांनी शिवलेल्या शर्टाचं बटण काढणं सोपं नाही. काजं ते इतकी घट्ट करतात, की सकाळी शर्ट घालेपर्यंत चहा थंड होतो. माझे बाबा त्यांना विचारतात, "आंगी शिवतोस का कुलूप लावतोस गा?" पण दुसरा शिंपी थेट तिरोड्याला, त्यामुळे सगळं गाव कुलपातच असतं.

भांडणाऱ्या पोराला बटण काढताना मान खाली घालावी लागते. मान खाली घालून शिव्या नीट देता येत नाहीत. बघणारे हसू लागतात. एकदा तर एकानं समोरच्यालाच म्हटलं, "हे जरा खोलून दे ना." त्यानं खोलूनही दिलं. मग पुढे काय करायचं, ते दोघांनाही सुचेना.

मी गावातला कॉलेजात गेलेला पहिलाच. पोरं का भांडतात, हे मला सांगता येईल असं लोकांना वाटतं. मला ते नीट कळलेलं नाही. एवढंच ठाऊक आहे, की नागपूरला वसतिगृहात एकानं माझ्या "जाऊन राहिलो, खाऊन राहिलो"ची नक्कल केली, सगळे हसले, तेव्हा माझे कान तापले आणि हात आपोआप गळ्याच्या बटणाकडे गेला. ते निघेना. तो मुलगा थोडा वेळ पाहत राहिला आणि त्यानं विचारलं, "गरम होतंय का?"

दिवाळीनंतर आमच्याकडे गावोगाव मंडई, म्हणजे जत्राच, भरते. दुकानं लागतात, रात्री दंडारीचा खेळ होतो आणि कोणाचं तरी डोकं फुटतं. यंदा मंडईच्या आदल्या दिवशी मी घरी होतो. पोरं सकाळपासून काठ्यांना तेल लावत टोळ्यांनी फिरत होती. कुणाविरुद्ध, ते त्यांनाही सांगता आलं नसतं. मला घरात बसवेना, म्हणून डोमाकाकांकडे गेलो.

त्यांचंही मशीन चालत नव्हतं. जरा टाके घालायचे, की रस्त्याकडे पाहायचे.

"इकडं ये. उभा राय," म्हणून त्यांनी माझे खांदे मोजले. दर सुट्टीत मोजतात. मी त्यांना वसतिगृहाची गोष्ट सांगितली. वाटलं, हसतील.

"माह्या गणपतच्या आंगीले काज सैल होते," ते म्हणाले.

गणपत त्यांचा एकुलता एक मुलगा, माझ्याहून वर्षानं मोठा. काही वर्षांपूर्वी, मी शाळेसाठी बाहेरगावी असताना, मंडईत कुणाला तरी काठी मारून तो पळाला, एवढंच मला माहीत होतं.

"कापडावर सरकारचा कंट्रोल होता तवा. कापड भेटत नोता. म्या गावच्या मालगुजाराच्या पोराची शिवाले आलेली आंगी देल्ली त्याले. म्हटलं, एक दिवस घाल, संध्याकाळी इस्त्री करून देऊन टाकू." ते टेपची गुंडाळी करत राहिले. "तो पोट्टा भर मंडईत म्हणे, काढ माही आंगी. सारे हासले. यानं एका झटक्यात काढली, त्याच्या तोंडावर फेकली, अन् काठी उचलली. बटनं अडकली असती त…"

मालगुजाराचा पोरगा वाचला. गणपत तसाच उघड्या अंगानं गोंदियाच्या गाडीत बसला. तो अजून आलेला नाही.

काकांनी पेटीतून निळा नवा शर्ट काढला. "गणपतचा, यंदाच्या दिवाळीचा. घालून पाह्य जरा."

मला तो बरोबर बसला. बटण लावायला गेलो, तर काजं कापलेलीच नव्हती.

"काका, काज राहून गेले का?"

इतक्यात रस्त्यावर आरडाओरड झाली. काकांनी घाईघाईनं चपला पायात सरकवल्या.

"तो आल्यावर कापीन," ते म्हणाले. "सैल पायजे का घट्ट, त्यालेच इचारतो."

आणि ते आवाजाच्या दिशेनं धावत सुटले.