शालूआत्याचे राखणदार

देवबागला शालूआत्याच्या घरातून रोज दिवेलागणीला दोन आवाज येतात. एक शालूआत्याचा, बारीक आणि चिरका, देवाला गाऱ्हाणं घालणारा. दुसरा जाड, सावकाश, प्रत्येक वाक्यामागे "व्हय म्हाराजा" म्हणणारा. घरात शालूआत्या एकटी राहते.

हे ज्याला कळतं तो आत्याकडे उजेडातच जाऊन येतो. आमच्या हिने तर तसा नियमच केलाय. मी मात्र भित्रा नाही. आवाजाचा छडा लावायला मी मागच्या दारापर्यंत गेलेला माणूस आहे. एकदा नव्हे, अनेकदा. आणि दर वेळी तिथे पोचल्यावरच मला आठवतं की स्कूटरची चावी स्कूटरलाच राहिलीय.

खरं सांगायचं तर मी भुताला घाबरलो नव्हतो. तो जाड आवाज ओळखीचा वाटला होता. माझे वडील असे बोलायचे. त्यांना जाऊन बरीच वर्षं झाली.

आत्या त्यांची धाकटी बहीण. लग्न केलं नाही. वेंगुर्ल्याच्या एका शाळेत मुलींना शिवण शिकवलं आणि निवृत्त होऊन देवबागच्या घरी आली. "एका बाजूक दर्या, दुसऱ्या बाजूक खाडी, मदी मी," असा ती पत्ता सांगते. तिथल्या खाऱ्या वाऱ्यात नाजूक झाड जगत नाही. म्हणून तिने मागची पडवी प्लास्टिकने आणि हिरव्या जाळीने बंद केली आणि आत ऑर्किडं टांगली. आत शिरलं की दमट, हिरवा अंधार. वरून ऑर्किडांची पांढरी मुळं लोंबतात आणि बरोबर मानेला लागतात. मी दर वेळी दचकतो आणि दर वेळी ती म्हणते, "मूळ आसा रे, हात न्हय."

एका उन्हाळ्यात या ऑर्किडांना लाल कोळी लागले. टाचणीच्या टोकापेक्षाही लहान. पानाखाली जाळं विणतात आणि पानाचा रस शोषून त्याची राख करतात. मी तत्परतेने फवारणीचं औषध घेऊन गेलो. आत्याने बाटली उंबऱ्याच्या आत येऊ दिली नाही. तिची एक जुनी विद्यार्थिनी आता फुलांची शेती करते, तिच्याकडून आत्याने वेगळीच बाटली मागवली होती. मी ती उजेडात धरून पाहिली.

"ह्यो कोंडो मा गो आते?"

"कोंडो न्हय रे मेल्या. राखणदार!"

आमच्याकडे राखणदार म्हणजे वाडीचा, शेताचा न दिसणारा धनी. त्याला वर्षाची राखण द्यायची, म्हणजे नारळ नाहीतर कोंबडा. चुकलात तर तो वाट चुकवतो. आत्याने सुईत दोरा ओवायचं भिंग माझ्या हातात दिलं. कोंड्यातून निघालेलं काहीतरी पानावर धावत होतं. तेही कोळ्याच्याच जातीचं, पण चकचकीत, केशरी, थेंबाच्या आकाराचं. ते एका लाल कोळ्याला भिडलं आणि तिथेच थांबलं. थोड्या वेळाने लाल कोळ्याचं नुसतं साल उरलं.

"त्येंका डोळे नाय," आत्या माझ्या कानाशी कुजबुजली. "वासार जातत. आता तुजो वास घेतल्यानी."

माझ्या मानेवर काहीतरी चाललं. मूळ होतं. बहुधा.

तेव्हापासून आत्याच्या घरात अगरबत्ती बंद, डासांची कॉइल बंद. मी एकदा लग्नाहून अत्तर लावून गेलो, तर मला आधी विहिरीवर पिटाळलं. "आतले घुसमाटतत!" राखणदारांना ती 'आतले' म्हणते. फोनवर सांगते, "आतले बरे आसत." ऐकणारा घाईने फोन ठेवतो. कुडाळला आमच्याकडे राहायला ये म्हणून मी तिच्या कितीदा पाया पडलो. तिचं उत्तर एकच, "आणि आतल्यांक कोण बगतलो?"

म्हणजे घरात कुणीतरी आहे, याबद्दल वाडीला शंका उरली नाही. शेजारचा बाबी होमस्टे चालवतो. त्याच्या ओसरीवरच्या गुलाबांना तीच लाल कीड लागली. एक दिवस तो काखेत जिवंत कोंबडा घेऊन आत्याच्या खळ्यात, म्हणजे अंगणात, उभा राहिला.

"आत्यानू, तुमचो राखणदार चार दिस माका दिया. राखण घेऊन इलंय."

"त्येंका कोंबो नको. तांबडे किडे व्हये. तुज्या गुलाबार आसत तेच."

कोंबडा वाचला. आत्याने केशरी जीव फिरत असलेलं एक पान घडी करून बाबीला दिलं आणि गुलाबाला टाचून ठेवायला सांगितलं. बाबीने ते भक्तिभावाने कपाळाला लावलं. दोनेक आठवड्यांनी तो परत आला तेव्हा मी तिथेच चहा घेत होतो.

"राखणदार बसवलो, पण गुलाब काय सुदारणत नाय."

"बसवलंस? खंय?"

बाबीने ते पान लाल फडक्यात घट्ट बांधून, सोबत लिंबू लावून, दाराच्या चौकटीवर टांगलं होतं. रोज हळदकुंकू वाहत होता. आत्या चप्पल न घालता धावली. स्टुलावर चढून तिने स्वतः गाठ सोडली. पान वाळून कुरकुरीत झालं होतं. तिने भिंग लावलं आणि पान दोन्ही बाजूंनी उलटून पाहिलं.

"एकच आसा," ती म्हणाली.

"मी तर कोणाक बाहेर सोडूक नाय," बाबी चाचरला.

"बाहेर खंय जातले? खाणां संपला काय एकामेकांक खातत. मगे शेवटाक एक रवता."

"मगे तो काय करता?"

"चलता. पानभर चलत रवता. कोण गावता काय बगता."

बाबीने हात जोडले. मला भर दुपारी अंगावर काटा आला. आत्या ते पान पदराखाली धरून घरी घेऊन गेली.

पावसाळा संपता संपता ऑर्किडं फुलली. एकाही पानावर डाग नव्हता. मी कौतुक करत आत्याच्या झोपायच्या खोलीत डोकावलो आणि थबकलो. पलंगाच्या उशाशी कुंडीत वालीचा वेल होता. त्याच्यावर शेंड्यापर्यंत जाळं पसरलेलं, पानं पिवळी, आणि जाळ्यावर लाल ठिपके सरकत होते. खिडकीतून वारा आला की ते सगळं श्वास घेतल्यासारखं हलायचं.

"आते, ह्यां मेलां. टाकून येतंय."

"हात लावलंस तर बग!" ती माझ्या आणि कुंडीच्या मध्ये आली. "पडवीतलां खाणां संपला. आतल्यांक काय घालू? रोज एक पान खुडतंय आणि थंय नेऊन ठेवतंय."

"अगो, पण त्येंचा काम झालां. आता गेले तर गेले."

"काम झालां म्हणान जेवक घालूचा नाय?" आत्याने वालीची कुंडी जरा सावलीत सरकवली. "घरां रिकामी होतत ती अशीच रे."

राखणदार राहावेत म्हणून चोराला उशाशी घेऊन झोपणारी बाई मी दुसरी पाहिली नाही. त्या दिवशी मला थट्टा सुचली नाही, हेही पहिल्यांदाच.

निघायला उशीर झाला. आत्याला सर्दी झाली होती, घसा पार बसला होता. मी तिच्यासाठी काढा उकळेपर्यंत तिन्हीसांज झाली. माझ्याबरोबर आलेली आमची ही खळ्यातून हाका मारत होती. आत्या निरांजन घेऊन पडवीकडे निघाली आणि माझ्या लक्षात आलं की आज चावी माझ्या खिशात आहे. पळायला कारण नव्हतं. मी तिच्यामागे पडवीच्या दारात उभा राहिलो.

"बा देवा म्हाराजा," तिचा फाटका आवाज हिरव्या अंधारात गेला, "ह्या घरार तुजी नजर रवांदे."

मी वाट पाहत होतो. मुळं हलत नव्हती. आत्याने हनुवटी छातीला टेकवली, तळवा गळ्याखाली दाबला आणि तोंड उघडलं. आवाज आलाच नाही. नुसती हवा आली. तिने पुन्हा प्रयत्न केला. पुन्हा हवा.

तो जाड आवाज तिचाच होता तर. तिच्या लहानपणी शेताच्या बांधावर गाऱ्हाणं घातलं जायचं तेव्हा माझे वडील तिच्याशेजारी उभे राहून असंच "व्हय" म्हणत असणार. गाऱ्हाणं एकट्याला घालता येतं, पण पुरं होत नाही. मागून व्हय म्हणणारं कुणीतरी लागतं.

मी घसा साफ केला.

"व्हय म्हाराजा."

माझ्या तोंडून निघालेला आवाज माझा वाटत नव्हता. जाड होता, सावकाश होता. खळ्यातल्या हाका एकदम थांबल्या.

आत्या वळली नाही. फक्त त्या दिवशी तिने गाऱ्हाणं बरंच लांबवलं.