कूलरच्या पायात चपला

कूलर सुरू केला की घर बंद पडायचं. पंखा थांबायचा, फ्रिज गप्प व्हायचा, टीव्हीवरची बाई अर्ध्या शब्दात नाहीशी व्हायची आणि बोरगाव मेघेतल्या त्या घरात मे महिन्याची दुपार हक्काने आत शिरायची.

प्रभाकररावांना हा स्वतःचा अपमान वाटत होता. कूलर त्यांच्या हातचा होता. शाळेत कार्यानुभव शिकवायचे तेव्हा पत्रा कापून, पट्ट्या वाकवून, रंग मारून त्यांनी तो उभा केला होता. तो करंट मारायचा हे खरं, पण ते घरात सगळ्यांना माहीत होतं, आणि माहीत असलेल्या गोष्टीचं कोणी मनावर घेत नाही. कूलरला हात लावायचा तर पायात रबरी चप्पल हवी आणि आधी उलटा हात टेकवून बघायचा, हे त्यांच्या मुलांना बाराखडीच्या आधी शिकवलेलं होतं. पाहुण्याच्या हातात पाण्याचा पेला देतानाच "कूलरले हात नोका लावू बरं" असंही सांगून टाकायचे.

घोटाळा केला तो मुलाने. रक्षा पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली, मुलगी झाली, आणि भाचीला बघायला पियुष पुण्याहून आला. पुण्यात राहून त्याची सवय मोडली होती. त्याने सुलटा हात लावला. भिंतीला जाऊन आदळल्यावर त्याने आधी बापाकडे पाहिलं, मग पाळण्याकडे पाहिलं, आणि त्याच दिवशी मीटरखाली एक नवं बटण बसवून घेतलं. कुठेही करंट गळाला की हे बटण आपोआप पडणार आणि घराची लाइन तोडणार. बटण बसवून पियुष पुण्याला गेला आणि तेव्हापासून कूलर लावला की बटण पडत होतं.

"बटणच खराब हाये," प्रभाकररावांनी निकाल दिला.

"बटण खराब नाई, बाबा. कूलर करंट मारते म्हणून पडून राह्यलं," रक्षा म्हणाली.

"तो तं पहिलेपासूनच मारते! कोणी मेलं काय?"

एवढी वर्षं आपण जिवंत कसे राहिलो, हा प्रश्न रक्षाला आई झाल्यावर पहिल्यांदाच पडला होता.

गरमीपेक्षा मोठी अडचण वेगळीच होती. बाळाला त्या कूलरच्या आवाजाशिवाय झोप लागत नव्हती. घर्रर्र घर्रर्र, मधेच खट्ट, पुन्हा घर्रर्र. जन्मल्यापासून हीच तिची अंगाई. आता आवाज बंद, त्यामुळे झोप बंद, आणि रडणं चोवीस तास सुरू. ते रडणं फोनवरून आर्वीला ऐकू गेलं. रक्षाचे सासरे मोतीलाल आर्वीत अडतीचा धंदा करत. ते म्हणाले, "गरमीनं रडून राह्यली पोरगी. रविवारी येतो. तिथं थंडक नसंन तं मायलेकीले घेऊनच जातो. आपल्या घरी एसी हाये."

नात अजून दीड महिन्याचीही नव्हती. रीतीप्रमाणे तिने आणखी तेवढेच दिवस तरी आजोळी राहायचं होतं. एसी आपल्या नातीला पळवून नेणार, हा विचार प्रभाकररावांना सहन होईना.

"नवा कूलर आना ना, अवो," सुलोचनाबाई म्हणाल्या.

"अन् याले काय झालं?"

त्यांनी पंप बदलला. बटण पडलं. वायर बदलली. बटण पडलं. प्लग बदलला, जाळ्या बदलल्या, कूलरला नवा रंगसुद्धा दिला. बटण पडलंच. मोटर तेवढी त्यांनी बदलली नाही, कारण तशी मोटर आता मिळत नाही.

शनिवारी संध्याकाळी ते ओसरीत चप्पल काढता काढता थांबले.

"सुलोचना! आपल्याले कूलरचा झटका काऊन नाई लागत?"

"चप्पल घालतो म्हणून."

"करंट आपल्यातून जमिनीत जात नाई म्हणून! मंग कूलरलेच चप्पल घातली तं?"

सुलोचनाबाई हातातलं सूप खाली ठेवायला वळल्या. तोवर प्रभाकररावांनी कूलर तिरपा करून त्याच्या पुढच्या पायांखाली स्वतःच्या चपला सरकवल्या होत्या. मागच्या पायांना सुलोचनाबाईंच्या आल्या. कूलर सुरू केला. घर्रर्र. खट्ट. पुन्हा घर्रर्र. बटण पडलं नाही. बाळ रडता रडता थांबलं आणि बघता बघता झोपलं.

"बाबा, करंट गेला नाई, आतच अडकून राह्यला असंन," रक्षा कुजबुजली. पण प्रभाकररावांना आनंदापुढे काही ऐकू येत नव्हतं. ते अनवाणी नाचत होते. चपला घालणार कुठून?

रविवारी मोतीलाल आले. उन्हातून आलेल्या इवायांना, म्हणजे व्याह्यांना, रीतीप्रमाणे पाय धुवायला पाणी दिलं. सॅंडल दारात ठेवून ते ओल्या पायांनी आत आले. खोली गार होती, नात झोपली होती. त्यांचा चेहरा जरा पडलाच. मग त्यांची नजर खाली गेली.

"इवाई, कूलरच्या पायात चपला कायच्या?"

"इलाज केला त्याचा," प्रभाकरराव अभिमानाने म्हणाले. इलाज केलेल्या कूलरबद्दल पाहुण्याला सावध करायचं त्यांच्या मनातही आलं नाही.

"वा!" म्हणून मोतीलालनी कूलरच्या पाठीवर कौतुकाने थाप मारली.

बटण पडलं. पंखा थांबला. मोतीलालही पडले. ते फरशीवर पाय पसरून बसले होते आणि टोपी पाळण्यात जाऊन पडली होती.

"मले... मारलं," ते म्हणाले.

"कोणं?" सुलोचनाबाई स्वयंपाकघरातून धावत आल्या.

"कूलरनं!"

"आधी उलटा हात लावाचा राह्यते ना, इवाई!" प्रभाकरराव सवयीने बोलून गेले आणि लगेच त्यांना जीभ चावावीशी वाटली.

"बटण होतं म्हणून वाचले तुमी, मामाजी," रक्षा म्हणाली.

मोतीलाल उठले. "बॅग भर, रक्षा. या घरात पोरगी एक घडी नाई ठेवत मी."

तेवढ्यात बाळ जागं झालं. त्याने असा टाहो फोडला की शेजारची धुरपता कुंपणावरून डोकावली. मोतीलालनी नातीला घेतलं, झुलवलं, गाडीची किल्ली वाजवली. सुलोचनाबाईंनी अंगाई म्हटली. काही उपयोग होईना. नातीचा तो लालबुंद चेहरा बघून प्रभाकररावांना रडू फुटायची वेळ आली. काय करावं न सुचून ते पाळण्यापाशी बसले, डोळे मिटले आणि तोंड उघडलं.

"घर्रर्र... घर्रर्र... खट्ट."

बाळ चूप झालं. प्रभाकररावांनी श्वास घ्यायला थांबून पाहिलं, तर पुन्हा टाहो. ते पुन्हा सुरू झाले. मोतीलाल इवायांच्या शेजारी येऊन बसले.

"आर्वीपर्यंत चालन काय हे?" त्यांनी हळूच विचारलं.

प्रभाकररावांनी आवाज न थांबवता होकारार्थी मान डोलावली.

"घेऊन जा यायलेबी," सुलोचनाबाई म्हणाल्या. "पन माह्या चपला काढून द्या पहिले."

आता बोरगाव मेघेत नवा कूलर आला आहे. त्याला सगळे सुलटा हात लावतात. आणि आर्वीत, मोतीलालांच्या एसीच्या खोलीत, भर मे महिन्यात मफलर गुंडाळून प्रभाकरराव नातीच्या पाळण्यापाशी बसलेले असतात. बसल्या बसल्या त्यांचा डोळा लागतो, आवाज बंद पडतो आणि नात चुळबुळायला लागते. मग मोतीलाल धावत येतात. इवायांना जागं करायला खांद्याकडे हात नेतात, क्षणभर थांबतात, बाजूची चप्पल पायात सरकवतात आणि आधी उलटा हात लावून बघतात.