विशाखाच्या मुठीचं माप

मुठीच्या बाबतीत माझ्याशी कुणी वाद घालू नये. आखातातल्या सोहार औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्याच्या टूलरूममध्ये मी चौदा वर्षं काढली आहेत. हातोडा आणा, करवत आणा, मूठ अशी बसवून देईन की हातच म्हणेल, आता मी हिला सोडत नाही!

आठवडाभर मी सोहारला आणि गुरुवारी संध्याकाळी बौशरला, घरी. त्या गुरुवारी आलो तर माझी बायको विशाखा तोंड पाडून बसलेली. इथल्या मराठी मंडळाच्या नाटकात तिला पहिल्यांदाच नायिकेचं काम मिळालं होतं. आजवर तिने शेजारणी केल्या, मोलकरणी केल्या, एकदा तर पडद्यामागून कुत्रा होऊन भुंकली. आता शेवटच्या प्रवेशात नवऱ्यावर रिव्हॉल्व्हर रोखून तिला तीन मिनिटं बोलायचं होतं. पण मंडळाच्या पेटीतलं ते टिकल्या फोडायचं लोखंडी खेळणं कुणा पैलवानाच्या पंजासाठी घडवलेलं. विशाखाच्या हातातून ते दुसऱ्याच वाक्याला घसरायचं. दिग्दर्शक राजीव हसत म्हणाले होते, प्रयोगात पडलं तर पुढच्या वर्षी पुन्हा कुत्रा.

मी म्हटलं, आठवडाभर लाटणं घेऊन तालीम कर, हे माझ्याकडे दे. तिने विचारलं, "माझ्या हाताचं माप नको?" मी नुसता हसलो. कारागिराने सगळं सांगायचं नसतं.

दुसऱ्या दिवशी शुक्रवार. श्रीखंड-पुरीचं जेवण झालं, पडदे ओढले, एसी गुणगुणायला लागला आणि विशाखाला गाढ झोप लागली. तिचा उजवा हात उशीवर उघडा पडला होता. पुऱ्यांची उरलेली कणीक मी त्यात ठेवली आणि एकेक बोट हलकेच मिटवलं. झोपेतच ती जराशी हसली. पडद्याच्या फटीतून उन्हाची एक रेघ तिच्या मनगटावर आली होती. मी तो हात धरून बसलो आणि किती वेळ बसलो ते मलाच कळलं नाही. तिची बोटं इतकी बारीक आहेत हे मी विसरलोच होतो.

कणकेचा ठसा फ्रीझरमध्ये गेला आणि शनिवारी बर्फाच्या डब्यातून सोहारला. मग रोज पाळी सुटल्यावर मी व्हाइसच्या पकडीपाशी. मुठीच्या लाकडी फळ्या काढल्या, आतल्या लोखंडी सांगाड्याची पाठ कानशीने उतरवली, अंगठ्याच्या बुडाशी खळगा केला, खालची टाच निमुळती केली. पॉलिश पेपर फिरवताना डोळ्यांपुढे तो हात, ती रेघ. कानस आपोआप चाले आणि मी बौशरला पोचलेला असे. ठसा बघून शेजारच्या मशीनवरचा साकिब म्हणाला, "भाई, बड़े आराम वाला हाथ है." मला ती शाबासकी वाटली.

गुरुवारीही शेवटचा हात फिरवता फिरवता उशीर झाला आणि मुक्काम सोहारलाच पडला. शुक्रवारी, प्रयोगाच्या दिवशी, दुपारी मी थेट मदिनत सुलतान काबूसमधल्या शाळेच्या हॉलवर पोचलो तेव्हा शेवटचा प्रवेश सुरू होत होता. विशाखा विंगेत लाटणं घेऊनच उभी! मी रिव्हॉल्व्हर तिच्या हातात ठेवलं. "किती छान बसलंय रे," म्हणाली आणि रंगमंचावर गेली.

"हलू नकोस," तिने दरडावलं. नवऱ्याचं काम करणारा रुचिर हलला नाही, पण नळी हलली. रुचिरच्या छातीवरून पोटावर, पोटावरून चपलेवर. विशाखाने ती वर उचलली, नळी पुन्हा खाली. काय होतंय ते तेव्हा माझ्या ध्यानात आलं. त्या मुठीला विशाखाचा फक्त झोपलेला हात माहीत होता! धरली की बोटं सैल पडत, मनगट मऊ होई. पैलवानाची मूठ निदान घसरत तरी होती, ही तिला निजवत होती. तिसऱ्या रांगेतून हसू फुटलं आणि बघता बघता हॉलभर पसरलं.

विशाखाने विंगेकडे पाहिलं. तिचे डोळे भरले होते. मला धरणीने पोटात घ्यावं असं वाटलं.

मग तिने उचलायचं सोडूनच दिलं. खुर्चीवर बसली, रिव्हॉल्व्हर मांडीवर ठेवलं आणि तीच वाक्यं हळू, घरगुती आवाजात बोलायला लागली, भाजी निवडता निवडता बोलतात तशी. हसू थांबलं. रुचिरने इथे छद्मी हसायचं होतं, त्याऐवजी तो मुकाट्याने खाली बसला आणि आपलं वाक्यच विसरला. पडदा पडल्यावर टाळ्या थांबेनात. राजीव म्हणाले, पुढच्या वर्षीचं नाटक विशाखासाठीच बघतो.

परतताना गाडीत ती खुशीत होती. डोंगरांवर ऊन उतरत होतं. तिने विचारलं, "पण माप घेतलंस कधी?" मी मोठ्या अभिमानाने कणकेपासून सगळं सांगितलं.

ती म्हणाली, "म्हणजे इतक्या वर्षांनी माझा हात धरलास, तोही मी झोपल्यावर."

मी स्टिअरिंगवरचा एक हात काढला आणि तिचा हात धरला.

"दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेव," ती म्हणाली, "पुढे कॅमेरा आहे."