सोबेस्लावचा पाट

वऱ्हाडपांडे काकांना ‘कसे आहात?’ विचारायची सोय नाही. विचारलं की ते आठशे वर्षांपूर्वीच्या बोहेमियातल्या भाऊबंदकीवर भडकतात.

“कसा असणार? थोरला सोबेस्लाव तुरुंगात बसून राहिला, आन् गादीवर कोण? व्लादिस्लावचं पोट्टं! कोणाला विचारलं? कोणालाच नाही!”

काका मूळ नागपूरचे, एका औषध कंपनीतले केमिस्ट. इथे अमेरिकेत, कॅरी गावात, आमच्यापासून चार घरं सोडून एकटेच राहतात. काकू जाऊन सहा वर्षं झाली. कुठल्याशा गराज सेलमध्ये त्यांना चेक राजघराण्याचं एक जाडजूड पुस्तक मिळालं आणि तेव्हापासून प्रेमिस्ल घराण्याचे हे मानलेले कुलकर्णी झाले. त्या घराण्यात म्हणे नियम होता, की घरात जो सगळ्यात वयस्कर, त्याचीच गादी. आणि जो तो नेमका तोच नियम मोडायचा. काका टेबलावर मूठ आपटत. “नियम केला कशाला मग? शोभेला?”

मी आठवीतून शाळा सोडलेली. सिटिझनशिपच्या परीक्षेचं पत्र आलं तेव्हा मी ते नवऱ्यापुढे ढकललं. आमचे हे म्हणाले, “सोपं असतं गं, वाचून टाक.” इथल्या मराठी मंडळातल्या शिकल्यासवरल्या बायका म्हणाल्या, “ओह, इट्स नथिंग!” नथिंग होतं तर पंधरा मिनिटं बसवून शिकवायला काय झालं होतं? एकीलाही वेळ नव्हता. काकांनी मात्र सलग चार महिने, दर शनिवारी शिकवलं. चहासुद्धा तेच करायचे.

पद्धत त्यांची. आधी प्रेमिस्ल राजे पाढ्यासारखे म्हणायचे, मग अमेरिका. “बोरिवोय, स्पितिह्नेव, व्राटिस्लाव... हे जिभेवर बसले की वॉशिंग्टन-लिंकन म्हणजे बे एके बे!”

परीक्षेत सगळं नीट चाललं होतं. मग ऑफिसरनं विचारलं, प्रेसिडेंट मेला तर त्याच्या जागी कोण येतो? तोंडातून निघून गेलं, “द ओल्डेस्ट इन द फॅमिली.”

त्यानं चष्मा खाली केला. “विच फॅमिली, मॅम?”

बाकीची उत्तरं बरोबर होती म्हणून पास झाले. पण आमच्या ह्यांनी तो किस्सा सगळ्या कॅरीला सांगितला. मंडळात बायका पोट धरून हसल्या. “त्या क्रॅक म्हाताऱ्याकडे शिकायला कुणी सांगितलं होतं, यार?” माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मला हसा. पण ज्यानं शिकवलं त्याला तुम्ही कोण हसणार?

काकांना सांगितलं तर ते गंभीरपणे म्हणाले, “तू नियम बरोबर सांगितला. त्यांच्याकडे तो पाळत नाहीत, त्याला तू काय करशील?”

पास झाल्याचे लाडू घेऊन मी त्यांच्याकडे गेले ती घटस्थापनेच्या आदल्या संध्याकाळी. आपल्याकडे, भारतात, तेव्हा घटस्थापनेची पहाट होत असते. दार उघडंच होतं. काका फोनवर. अंगावर सोवळं, वरून स्वेटर. मला ठाऊक होतं, नागपूरच्या घरी घटाला बसायचा मान थोरल्याचा, म्हणजे काकांचा. ते इथे, म्हणून दरवर्षी फोनवरून धाकट्या भावाला परवानगी देतात, “बस.” त्याशिवाय तिथे कुणी पाटावर बसत नाही.

“झालं पण? ... तुझा बाप नाही, तूच बसला? ... नाही, नाही, फोन कशाला करायचा. बरं केलंत.”

फोन ठेवला. माझ्याकडे न बघता म्हणाले, “व्लादिस्लावनं पोट्ट्याला बसवलं.”

मी सवयीनं पुस्तक शोधलं. ते कपाटात होतं. हा व्लादिस्लाव नागपूरचा होता.

काय हो लोक! एका फोनचा मान, तोही जड झाला? मी लाडवांचा डबा टेबलावर आदळलाच.

“काका, उद्या सकाळी आमच्याकडे घट बसायचाय. नऊला या. तुम्ही बसायचं.”

“सुभाषला विचारलं?”

“यांना काय विचारायचं? घरातला सगळ्यात वयस्कर बसतो.”

काका बराच वेळ फोनच्या वायरचा गुंता सोडवत राहिले. मग म्हणाले, “पाट जरा उंच ठेव. गुडघे दुखून राहिले.”