कुमुदचा पन्नास जणांचा नमुना

एका जंगलात एक विद्यापीठ होतं. हसू नका. जंगलात वाघ असतो हे पटतं ना तुम्हाला? मग विद्यापीठ असायला काय हरकत आहे?

तर त्या विद्यापीठात कुमुद नावाची एक हरिणी समाजशास्त्रात एम.ए. करत होती. कळपात इतकी शिकलेली ती पहिलीच. त्यामुळे येताजाता जो तो तिला विचारायचा, "समाजशास्त्र म्हणजे समाजसेवा का गं?"

कुमुद म्हणायची, "नाही हो काका."

"मग सायन्सला नंबर लागला नाही वाटतं," असं म्हणून काका पाला चघळत पुढे जायचे.

तिच्या बाजूचे एकटे दामूअण्णा. अण्णा म्हणजे कळपाचे म्हातारे पुढारी. त्यांच्या मागे एक काळजी होती. जंगलात तळं एकच. उन्हाळ्यात त्याचा पूर्व काठ आटायचा. पश्चिमेला पाणी भरपूर, पण तिकडे गेलेले सगळेच परत यायचे नाहीत. गेल्या उन्हाळ्यात कुमुदची मावशी तिकडे गेली, ती गेलीच. म्हणून कळप दोन दिवस चालून लांबच्या ओढ्यावर जायचा, आणि लहान पाडसं वाटेतच माना टाकायची.

अण्णा म्हणाले, "पोरी, तू याच्यावरच प्रबंध लिही. पश्चिमेला जावं की नाही, ते एकदाचं शास्त्रानं ठरू दे. तू लिहिशील तसं आपण वागू. अख्खा कळप!"

कुमुदचा ऊर भरून आला. तिनं एका बैठकीत पहिला खर्डा लिहिला. 'पश्चिम काठाला मगर आहे. ती हरणं खाते. तिकडे जाऊ नये.' आणि तो घेऊन ती आपल्या मार्गदर्शकांकडे गेली.

मार्गदर्शक होते बगळे सर. सर कायम एका पायावर उभे राहून शिकवायचे. दुसरा टेकला तर कुणाची तरी बाजू घेतल्यासारखं होईल, असं त्यांचं म्हणणं. सरांनी खर्डा वाचला आणि मान वाकडी केली.

"मगर खाते, असं कोण म्हणतं?"

"सगळेच म्हणतात, सर."

"कोणत्या साली? पान नंबर?"

कुमुदनं खर्डा उलटसुलट करून पाहिला.

"अगं, हे तुझं मत झालं. मतं काय, चहाच्या टपरीवर ढिगानं मिळतात. इथं पद्धत लागते. प्रश्नावली तयार कर. पन्नास जणांचा नमुना घे. आणि मगरबाईंची मुलाखत घ्यायला विसरू नकोस. त्यांनाही त्यांची बाजू असते."

कुमुदनं प्रश्नावली केली. चोवीस प्रश्न. वय काय, शिंगं किती, कुटुंब एकत्र की विभक्त, असं सगळं रीतसर. खरा प्रश्न सातवा. 'आपणांस मगरीने यापूर्वी खाल्ले आहे काय? होय / नाही / सांगता येत नाही.'

बिचारी पायाचे तुकडे पडेस्तोवर हिंडली. सशानं फॉर्म न वाचताच सही केली. रानडुकरानं फॉर्म खाल्ला, म्हणून त्याला दुसरा दिला. माकड म्हणालं, "सरकारी योजना आहे का ताई? मग आमचं नाव दोनदा लिहा." असं करत करत पन्नास फॉर्म भरले.

मगरबाईंची मुलाखत तिनं जरा लांबूनच घेतली.

"अशी जवळ ये ना गं, नीट ऐकू येत नाही," मगरबाई म्हणाल्या.

"इथूनच बरं आहे, बाई."

मगरबाईंनी डोळे पुसले. "बघ, हे असं आहे. समाजानं आम्हाला कधी समजूनच घेतलं नाही."

कुमुदनं ते लिहून घेतलं. वाईटही वाटलं तिला. भोळी होती हो!

मग तिनं तक्ता मांडला. 'होय' शून्य. 'सांगता येत नाही' शून्य. 'नाही' पन्नास. म्हणजे शंभर टक्के.

तक्त्याकडे बघता बघता तिला मावशी आठवली. ती धावत सरांकडे गेली.

"सर, काहीतरी चुकतंय. ज्यांना खाल्लं, त्यांना मी विचारलंच नाही!"

"का नाही विचारलंस?"

"ते नाहीतच ना, सर. माझी मावशी…"

"म्हणजे संपर्क होऊ शकला नाही. मग 'अभ्यासाच्या मर्यादा' मध्ये तशी एक ओळ टाक. शेवटून दुसरं पान. ते कुणी वाचत नाही. आणि मावशीला मध्ये आणू नकोस, संशोधकाला ते शोभत नाही. परवा शेवटची तारीख आहे. नव्यानं करायचं म्हटलंस तर वर्ष गेलं."

वर्ष गेलं! कुमुदला पाला चघळणारे काका दिसले. तिनं ती एक ओळ टाकली.

प्रबंधाला काळं बाइंडिंग झालं, वर सोनेरी अक्षरं. तोंडी परीक्षेला बाहेरून परीक्षक म्हणून कोण आलं असेल? बरोबर. मगरबाईच आल्या. त्यांनी एकही अवघड प्रश्न विचारला नाही. कुमुदला पहिला वर्ग मिळाला.

कळपात सत्कार झाला. गवताचा हार घातला, तो भाषण संपायच्या आत कुणीतरी खाऊनही टाकला. अण्णांना वाचता येत नव्हतं, पण तक्ता समजला.

"शंभर टक्के?"

"हो अण्णा, पण…"

"शंभर टक्के रे!" अण्णा ओरडले. पाडसं उड्या मारायला लागली.

"अण्णा, ऐका ना माझं! पश्चिमेला जाऊ नका. तिथं मगर आहे, ती खाते. मला ठाऊक आहे."

अण्णा कौतुकानं हसले. "पोरी, हे तुझं मत झालं. शास्त्र वेगळं सांगतंय. आणि तूच लिहिलंयस ना ते?"

लिहिलं तर तिनंच होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी कळप पश्चिम काठाला गेला. अण्णा सर्वांच्या पुढे. "थांबा, आधी मी पितो," म्हणत त्यांनी पाण्याला तोंड लावलं. पाणी एकदा जोरात हललं. कळप उधळला. कुमुद तेवढी जागची हलली नाही, तिनं सगळं पाहिलं.

मग ती रडत रडत सरांकडे गेली. "सर, अण्णांना नेलं! मगरीनं नेलं! मी डोळ्यांनी पाहिलं!"

"तू स्वतः पाहिलंस?" सरांचे डोळे चमकले. "किती अंतरावरून? वेळ टिपलीस? अगं, मग रडतेस काय वेडे! तुझ्या पीएच.डी.चा विषय आयता हातात आलाय. सहमार्गदर्शक म्हणून मगरबाईंनाच विचारतो. त्यांचा या क्षेत्रातला अनुभव दांडगा आहे."

कुमुद ढसाढसा रडली. अण्णांसाठी रडली, मावशीसाठी रडली. मग तिनं डोळे पुसले आणि विचारलं,

"सर, फॉर्म भरायची शेवटची तारीख काय आहे?"

तात्पर्य : पाहणी नेहमी हयात असलेल्यांचीच करावी. त्यांची सहसा काही तक्रार नसते. गेलेल्यांना विचारत बसलं, तर प्रबंध वेळेत पुरा होत नाही.