नळदुरुस्तीसाठी सक्षम जमाव

प्रशांत महासागरातल्या किरिबास बेटांवरच्या आमच्या गावात, मानेआबाशेजारच्या टाकीचा नळ बुधवारी सकाळी गळू लागला. मानेआबा म्हणजे गावाचं बिनभिंतीचं सभागृह. त्याच्या छपरावरचं पावसाचं पाणी पन्हळीतून टाकीत येतं आणि तेच गाव पितं. विहिरी खारट आहेत. पावसाला अजून दोन महिने अवकाश होता.

सगळ्यांत जास्त घोर लागला तो आरोइता मावशींना. त्यांच्या नातीचा पहिला वाढदिवस सतरा दिवसांवर आला होता. आमच्याकडे लग्न एक वेळ साधेपणानं उरकतं, पहिला वाढदिवस उरकत नाही. तीनशे पानं उठतात, आणि भात काय, चहा काय, सगळं त्याच टाकीच्या जिवावर.

होड्यांची इंजिनं दुरुस्त करणाऱ्या तेबुरेआनं नळ पाहिला आणि सांगितलं, वायसर गेलाय, दहा मिनिटांचं काम आहे, नवा वायसर खिशातच आहे. पण टाकी गावाची. गावाच्या वस्तूला हात लावायचा तर वडीलधाऱ्यांनी मानेआबात आपापल्या कुळाच्या जागेवर बसून ‘हो’ म्हणावं लागतं. एरवी हे दुपारच्या दोन डुलक्यांच्या मधे झालं असतं.

त्याच आठवड्यात मावशींचा सख्खा भाचा बिरिबो, जो बेटाच्या कचेरीत कारकून आहे, राजधानीहून प्रशिक्षण घेऊन परतला. सोबत ‘जमावांचे वर्गीकरण व अधिकार’ या विषयावरचं परिपत्रक होतं.

वडीलधारे चटयांवर बसले. ‘हो’ ओठांवर आलं होतं. तेवढ्यात बिरिबोनं अदबीनं विचारलं, हे नक्की काय चाललं आहे?

“बसलोय,” सर्वांत वडील तावाबा आजोबा म्हणाले.

“ते दिसतंय, आजोबा. पण कोणत्या प्रकारानं बसलाय?”

परिपत्रकानुसार, नोटिशीवाचून बसलेल्यांची बैठक होते. बैठकीला विचार करता येतो, निर्णय घेता येत नाही. निर्णय सभेचा, आणि सभेला तीन दिवसांची नोटीस. तेव्हा वडीलधाऱ्यांनी विचार केला. विचाराअंती असं ठरलं, म्हणजे ठरवता येत नव्हतं, असं वाटलं, की नळ गळतो आहे.

आमच्याकडे प्रार्थनेवाचून काही सुरू होत नाही, आणि प्रार्थना सांगण्याचं काम माझ्याकडे असतं. बैठकीला अर्धं मिनिट, सभेला दोन आणि परिषदेला पाच, असं बिरिबोनं मला आखून दिलं. तीस वर्षं मी देवाशी मन भरेपर्यंत बोलत आले. आता अर्ध्या वाक्यात थांबून उरलेल्या मागण्या पुढल्या सभेसाठी राखून ठेवायला शिकले. देवानं तक्रार केली नाही. त्याच्याकडे बहुधा परिपत्रक पोचलं नसावं.

शनिवारी सभा भरली. तिला दुरुस्ती मंजूर करण्याचा अधिकार होता. परंतु वायसर बदलताना दहा मिनिटं पाणी बंद राहणार, म्हणजे पुरवठ्यात खंड, म्हणजे धोरणात्मक बाब. धोरण परिषद ठरवते, आणि परिषदेला बाहेरगावचा पाहुणा लागतो. सुदैवानं शेजारच्या बेटावरचा एक गृहस्थ सासूला भेटायला आला होता. पाहुण्याच्या रिवाजाप्रमाणे त्याच्या डोक्यावर फुलांचं कडं घातलं, मानेला पावडर लावली, अख्ख्या गावाबरोबर चहा पाजला. आमच्याकडे टाकीच नाही, त्यामुळे ती गळत नाही, असं तो म्हणाला. इतिवृत्तात ‘शेजारच्या बेटाचा यशस्वी अनुभव’ अशी नोंद झाली.

परिषदेनं कार्यशाळेची शिफारस केली. कार्यशाळेत गावानं मोठ्या कागदावर रंगीत पेनांनी नळाचं चित्र काढलं. ते इतकं हुबेहूब जमलं की त्याखाली कुणीतरी बादली काढली. तेबुरेआनं खिशातून वायसर काढताच बिरिबोनं त्याला हळूच सांगितलं, की प्रात्यक्षिक शिबिरात येतं. मग चहा झाला. दोनदा.

संध्याकाळी मावशींनी टाकीवर वरून खालपर्यंत टकटक करून पाहिलं. पाणी अर्ध्याच्याही खाली गेलं होतं. नळानं गाळलं त्याच्या चौपट आम्ही चर्चा करताना प्यायलो होतो.

“बिरिबो, वाढदिवस तुझ्याच भाचीचा आहे ना रे?”

“हो, मावशी.”

“मग पाहुण्यांना प्यायला काय देऊ? परिपत्रक?”

“असं काय बोलता? सोमवारी अधिवेशन घेतोय. अधिवेशनाला सगळे अधिकार असतात.”

“त्यात चहा किती वेळा असतो?”

“चार,” बिरिबो खाली पाहत म्हणाला.

मावशी तेबुरेआच्या घराकडे चालू लागल्या.

दुसऱ्या दिवशी पहाटे आम्ही पाच जणी नेहमीसारख्या मानेआबाचं अंगण झाडायला जमलो. झाडायला जमणं परिपत्रकात कुठंच नव्हतं. त्याला नोटीस नाही, अध्यक्ष नाही, पाहुणा नाही, चहा नाही. त्यामुळे त्याला काय करता येत नाही, हेही कुणी लिहून ठेवलेलं नव्हतं. मावशींनी पदराआडून, म्हणजे कमरेच्या लुंगीतून, तेबुरेआचा पाना आणि वायसर काढला. तावाबा आजोबा आपल्या कुळाच्या जागेवर आडवे होऊन पेंगत होते.

“आजोबा, नळ दुरुस्त करू?”

आजोबांनी एक डोळा उघडला. “हो,” म्हणाले, आणि कुशीवर वळले.

आठ मिनिटं लागली. मी प्रार्थना म्हटली, ती किती लांब झाली ते मोजलं नाही. उरलेलं अंगण झाडून आम्ही घरी गेलो.

वाढदिवस थाटात झाला. भात पुरला, चहा पुरला, नात पाहुण्यांच्या अंगाखांद्यावरून फिरून आली, आणि बिरिबो दोनदा जेवला. हात धुताना कुणीतरी विचारलं, नळ कुणी केला? कळल्यावर सगळ्यांचा ऊर भरून आला. या पाच जणींचा सत्कार झालाच पाहिजे, असं एकमत झालं. इतकं निर्विवाद एकमत गावानं प्रथमच पाहिलं.

बिरिबोनं ओल्या डोळ्यांनी परिपत्रक उघडलं. सत्कार नाव असलेल्या जमावाचाच होऊ शकतो. तेव्हा आम्हाला नाव मिळालं: ‘प्रभात महिला जलसंवर्धन मंच’. मावशी अध्यक्ष झाल्या, माझ्याकडे प्रार्थना विभाग आला. मंचानं पंधरा दिवसांच्या नोटिशीखेरीज जमू नये, अशी तरतूद आहे. अंगण तेव्हापासून झाडलेलं नाही. झाडता झाडता आम्हीच काढायचो ती पन्हळीतली पानं साचली, आणि या वर्षी पाऊस चांगला झाला तरी तो टाकीत न येता बाहेरून गेला.

आता खरं सांगा, पाच बायकांचा सत्कार व्हावा, असं वाचता वाचता तुमच्याही मनात आलं होतं ना? संकोच नको. बिरिबोनं तुमचं मत बहुमतात धरलं आहे. मंचाच्या अंगणझाडणीपूर्व विचारविनिमय बैठकीला आपण अवश्य यावं. मात्र येताना झाडू आणू नये. तो विषय त्या बैठकीच्या कक्षेत येत नाही.