हार्डवेअरची रेड

जावई कुणाचा, तर फोटो स्टुडिओच्या मालकाचा. आणि अक्कल किती, तर स्वतःच्या मते स्टुडिओत मावणार नाही इतकी! वीस वर्षांतल्या नऊशे लग्नांचे फोटो एकाच सर्व्हरमध्ये, एकाच डिस्कवर होते. ती गेली की नऊशे जोडपी सासऱ्यांच्या दारात उभी. "उद्या डिस्क जळाली तरी एक फोटो जाणार नाही, असं करून देतो," जावयाने छातीठोकपणे सांगितलं आणि तीन आठवडे काहीच केलं नाही.

कारण त्याचं ठरत नव्हतं. दोन डिस्क जोडायच्या, एकीवरचं दुसरीवर जसंच्या तसं उमटत राहणार, याला म्हणायचं रेड, आणि त्यातल्या या प्रकाराला मिरर. पण हे काम वेगळं कार्ड बसवून त्याच्याकडून करून घ्यायचं, म्हणजे हार्डवेअर रेड, की कॉम्प्युटरच्या गळ्यातच मारायचं, म्हणजे सॉफ्टवेअर रेड? कार्ड दणकट, पण बिघडलं तर तसंच दुसरं शोधत फिरा. सॉफ्टवेअर फुकटात, पण... हे पुराण तो रोज जेवताना लावायचा. सासरे मान डोलवायचे. लक्ष सगळं भाजीकडे.

शेवटी तो बायकोच्या मावशीकडे दोन दिवस राहायला गेला आणि तिथे त्याला साक्षात्कार झाला. त्याने लगेच फोन लावला. "बाबा, ठरलं. सर्व्हरला हार्डवेअर रेड करून टाकू. डिस्क दोन आणि मिरर."

सासऱ्यांनी पाकिटाच्या पाठीवर लिहून घेतलं. जावयाने एकदाचं काहीतरी ठरवलं, याचंच त्यांना इतकं भरून आलं की तो येईपर्यंत काम आपणच उरकून ठेवायचं ठरवून ते तडक निघाले. कुठे? कोपऱ्यावरच्या हार्डवेअरच्या दुकानात!

तिसऱ्या दिवशी जावई स्टुडिओत शिरला तर टर्पेंटाइनचा भपकारा. टेबलावर सर्व्हर, नखशिखांत लालभडक. जाळीतून रंग आत ओघळून पंख्यावर वाळला होता. मागच्या भिंतीवर नवाकोरा आरसा, आणि खाली फरशी कापायच्या दोन चकत्या.

"ऑइलपेंटच घेतला, टिकाऊ असतो," सासरे म्हणाले. "या डिस्क मात्र कुठे लावायच्या ते कळलं नाही."

जावयाने बटण दाबलं. सर्व्हर ढिम्म. झाकण उघडलं तर आतली डिस्कही रंगाने माखलेली. तो मटकन खुर्चीत बसला.

"बाबा, फोटो गेले हो सगळे."

"जातील कसे?" सासऱ्यांनी कपाटातून एक जुनी पोर्टेबल डिस्क काढली. "हिच्यात उतरवून ठेवलेत. अख्खा दिवस गेला त्यात. जावईबापू, रंग द्यायच्या आधी आतलं सामान बाहेर काढतात."

तीन आठवड्यांत हे जावयाला एकदाही सुचलं नव्हतं. नजर चुकवायला त्याने तोंड फिरवलं, तर समोर आरसा. त्यात लाल सर्व्हर होता आणि त्याच्याशेजारी तितकेच लाल दोन कान.

"रंग उरलाय," सासरे डबा ढवळत म्हणाले. "दुसरा हात मारू, की त्यावरही तीन आठवडे विचार करणार?"